कूलरच्या पंख्यातले सोनेरी केस

"भाभी, घर में कुत्ता था क्या? इसमें तो बालां च बालां हैं."

सलीमभाईंचा आवाज हॉलच्या खिडकीतून आत आला. गेली तीन वर्षं उन्हाळ्यात आमचा कूलर तेच सुरू करून देतात. मी आतल्या खोलीत, संध्याकाळी नेसायच्या साडीला इस्त्री करत होते. स्वयंपाकघरातून मम्मीनं उत्तर दिलं, जरासुद्धा न थांबता:

"नाही हो भाई. कुठलं कुत्रं!"

इस्त्री क्षणभर काठावर तशीच राहिली. मग साडी जळेल या भीतीनं मी ती घाईनं उचलली. बाहेर सलीमभाई स्वतःशीच पुटपुटले, "तो फिर ये क्या बिल्ली के हैं? इत्ते लंबे?"

मार्च संपत आला की आमच्या पत्र्याच्या कूलरवरचं प्लास्टिक निघतं. जुनं गवत पाण्यातल्या क्षारांनी पांढरं आणि कडक झालेलं असतं, ते ओढून काढताना त्याचा भुगा होतो. नवं गवत जाळीत बसतं, पंपाचं पाणी त्यावरून झिरपायला लागतं, आणि पहिल्या दहा मिनिटांत खिडकीतून जो वास येतो तोच माझ्यासाठी उन्हाळा. ओलं गवत, गंजका पत्रा आणि त्यात मागच्या कडुलिंबाचा कडवट-गोड मोहर. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत त्या आठवड्यात घरोघरी हाच वास असतो. त्या वासाबरोबर दरवर्षी माझ्या पायांना एक वजन जाणवतं. उबदार, श्वास घेणारं वजन. मी कुणाला सांगितलेलं नाही.

गवत चार वर्षांत चार वेळा बदललं. पंखा मात्र कुणी उघडला नव्हता. यंदा तो घरघर करायला लागला म्हणून सलीमभाईंनी तो खोलला, आणि पंख्याच्या दांड्याला केसांची जाड कडी गुंडाळलेली निघाली. मी खिडकीशी जाऊन पाहिलं. त्यांनी ती ब्लेडनं कापून पायरीवर ठेवली होती. बाहेरून तेलानं काळी, आणि जिथं कापली तिथं आतून सोनेरी. इतकी सोनेरी, की काल कंगव्यातून काढली असावी.

टोबी याच खिडकीखाली झोपायचा. पोट फरशीला टेकवून, मागचे पाय बेडकासारखे पसरून, तोंड कूलरच्या वाऱ्याकडे. गोल्डन रिट्रीव्हर. थंड प्रदेशातलं, पाण्यात उड्या मारणारं, अंगभर लोकर घेऊन जन्मलेलं कुत्रं, आणि आमच्याकडे नळाला पाणी येण्याच्या दिवसाची गल्लीभर वाट पाहिली जाते. पण टोबीला आम्ही मुद्दाम आणलं नव्हतं. पप्पांच्या साहेबांची बदली लांब झाली, नव्या घरात कुत्रं चालणार नव्हतं. त्यांनी ऑफिसात विचारलं, कुणी ठेवतं का? पप्पा कुणालाही नाही म्हणू शकत नाहीत. साहेबांना तर नाहीच. संध्याकाळी ते स्कूटरवरून आले तेव्हा पायाशी दोन वर्षांचा टोबी उभा होता आणि पप्पांच्या चेहऱ्यावर चुकून दुसऱ्याची पिशवी उचलून आणल्यासारखा भाव होता.

"साहेबाचं कुत्रं आहे," ते मम्मीला म्हणाले. "त्याला इंग्रजीच समजतं."

मग आमच्या घरात इंग्रजी सुरू झालं. मम्मी सिल्लोडकडची, शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून शिकलेली आणि दहावीनंतर सोडलेली. पण टोबीशी ती बिनधास्त बोलायची. "कम. कम ना रे. सिट म्हणलं ना? नो, टोब्या, नो टच, ते देवाचं आहे." शेजारच्या काकूसुद्धा फाटकातून "गुड बॉय, गुड बॉय" करायच्या. आमच्या गल्लीतच काय, मला वाटतं आपल्याकडे सगळीकडेच, लोक गायीशी मराठीत बोलतात, पोपटाला मराठी शिकवतात आणि कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात. का ते कुणी विचारत नाही.

मी लहानपणापासून इंग्रजी शाळेत होते. तिथं मराठी शब्द तोंडातून गेला की उभं राहावं लागायचं. घरी इंग्रजी शब्द गेला की गावाकडची भावंडं "मॅडम आल्या, मॅडम" करून हसायची. मग दोन्हीकडे कमी बोलायची मला सवय लागली. हळूहळू ती सवय राहिली नाही, माझा स्वभावच झाला. पाहुणे विचारायचे, "ही बोलते ना?" आणि माझ्या वतीनं मम्मी हसायची. टोबीपाशी मात्र मी बोलायचे. कोणत्या भाषेत ते आता आठवतही नाही. तो डोकं एका बाजूला झुकवायचा आणि मी चुकले तरी हसायचा नाही.

साहेबांच्या मुलीनं त्याला पक्कं शिकवलेलं होतं. 'सिट' म्हटलं की बसायचा. 'स्टे' म्हटलं की समोर पोळी ठेवली तरी हलायचा नाही. आणि मग 'फ्री' म्हटलं की सुटायचा. हा शेवटचा शब्द म्हणायला मला सगळ्यांत आवडायचं. त्याच्या अंगातला एकेक केस त्या शब्दाची वाट बघत असायचा. मी मुद्दाम थोडी थांबायचे. तो डोळे माझ्या ओठांवरून हलवायचा नाही. "फ्री!" म्हणताच अख्खा हॉल त्याच्या शेपटीनं हलायचा.

मी नंतर पुष्कळ वाचलं. माणसांची मनं ओळखणाऱ्या कुत्र्यांच्या जाती सांगणारे लेख इंटरनेटवर ढिगानं आहेत. गोल्डन रिट्रीव्हर बहुतेक यादीत वर असतो, लॅब्रेडॉर त्याच्या जवळपास. माणूस घाबरला की त्याच्या घामाचा वास बदलतो, आणि तो यांना कळतो म्हणे. त्या लेखांत ही कुत्री नेहमी हसऱ्या कुटुंबांबरोबर सोफ्यावर बसलेली असतात. ज्या घरात कुणालाच ओळखून घ्यायचं नाही, तिथं अशा कुत्र्याचं काय होतं हे त्यात कुठं दिलेलं नसतं.

कारण आमच्या घरात सगळ्या प्रश्नांचं एकच उत्तर आहे: काही नाही.

चार वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात मम्मी गच्चीवर कुरडया घालत होती. आदल्या हिवाळ्यात तिची आई गेली होती. दरवर्षी चीक शिजवताना ती सिल्लोडला फोन लावून ठेवायची आणि पलीकडून आजी ओरडायची, "घोट गं, घोट, गुठळी होऊ देऊ नको." त्या वर्षी फोन गच्चीच्या कठड्यावर नुसताच ठेवलेला होता. टोबीला कावळे हाकलायला बसवलं होतं, आणि ते काम तो फार मनावर घ्यायचा. मी ताक घेऊन वर गेले तर कावळे खुशाल कुरडयांवर होते आणि टोबी मम्मीच्या पुढ्यात. त्याचा एक पंजा तिच्या चीक लागलेल्या गुडघ्यावर होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं. वाफ गेली डोळ्यात."

टोबी हलला नाही. मम्मी म्हणाली, "नो, टोब्या, नो," आणि असं म्हणत म्हणत तिनं त्याच्या मानेत तोंड खुपसलं. मी ताकाचा तांब्या पायरीवर ठेवून खाली आले. मी तिथं थांबायला हवं होतं का? टोबी थांबला होता. मला वाटलं, तेवढं पुरे.

पप्पांचंही त्यानं असंच केलं. ऑफिसात प्रमोशनची यादी लागायची होती. पप्पा त्या दिवशी नेहमीसारखे आले, नेहमीसारखे हातपाय धुतले, "आज ऊन फार" म्हणाले आणि आमरसाची वाटी पुढ्यात ओढली. टोबी उठला, टेबलाखाली गेला आणि पप्पांच्या पावलावर हनुवटी ठेवून बसला. मम्मीनं टेबलाखाली वाकून पाहिलं. मग पप्पांकडे पाहिलं.

"यादी लागली का?"

पप्पांनी वाटी बाजूला सारली. "हे कुत्रं," ते म्हणाले, "घरात काही राहू देत नाही." पण पाय काढून घेतला नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली आणि तिसऱ्या दिवशी आत्या स्थळ घेऊन आली. लग्नसराई होती, रोज कुठून तरी बँडचा आवाज यायचा. जालन्याकडची माणसं, मुलगा चांगल्या नोकरीत. आत्याला कुत्री आवडत नाहीत. "त्याला बांधा मागं," तिनं आल्या आल्या सांगितलं. टोबीला मागच्या अंगणात नळाला बांधलं.

मी कैरीच्या पन्ह्याचा ट्रे नेला, ठेवला आणि दाखवलेल्या खुर्चीवर बसले. त्या मुलाबद्दल माझं काहीच वाईट मत नव्हतं. तो सारखा चष्मा पुसत होता, म्हणजे त्यालाही घाम फुटला असावा. मला तो नको होता का? आजही सांगता येणार नाही. मला फक्त माझी पावलं बर्फासारखी लागत होती, कूलरच्या वाऱ्यानं नव्हे, आणि खोलीतली सगळी माणसं एखाद्या काचेच्या पलीकडं बोलत होती.

तेवढ्यात मागचं दार ढकलून टोबी आला. गळ्यातल्या पट्ट्यातून डोकं काढून घेतलं होतं. तो भुंकला नाही. पाहुण्यांना हुंगलंही नाही, एरवी नवीन माणूस म्हणजे त्याला सण. सरळ चालत आला, माझ्या दोन्ही पावलांवर आडवा झाला आणि सगळं अंग माझ्या नडग्यांवर रेलून दिलं. मग डोकं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, पाहुण्यांकडं बघितलं, आणि घशातून एक लांब, बारीक आवाज काढला. गुरगुर नव्हती ती. विव्हळणं होतं.

"आगं बाई," मुलाची मावशी म्हणाली, "पोरीला धडधडतंय, आन् ते कुत्र्याला कळलं, आपल्याला नाय!"

सगळे हसले. मुलाचे वडील मात्र हसले नाहीत. चांगले गृहस्थ होते. पन्ह्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "मुलीच्या मनात नसंल तर स्पष्ट सांगा. जबरदस्ती नको."

"नाही नाही," पप्पा म्हणाले, "तसं काही नाही."

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला एक वाक्य बोलायचं होतं. कुठलंही चाललं असतं. मी टोबीच्या कानावरून हात फिरवत राहिले. त्याचा कान उन्हानं तापलेला होता.

ते लोक गेले, आणि दोन दिवसांनी त्यांचा नकार आला.

"कुत्र्यानं पोरीचं बिंग फोडलं," आत्या म्हणाली. "आता पुढच्या गुरुवारी सिल्लोडकडचे येणारेत. तोवर त्याची काहीतरी सोय लावा, दादा. शेतावर सोडा. तिथं मोकळं राहील ते."

पप्पांनी मम्मीकडं बघितलं, मम्मीनं माझ्याकडं. मला वाटतं त्या क्षणी आम्हा तिघांपैकी कुणी एक जण "नको" म्हणाला असता, तर उरलेल्या दोघांनी लगेच मान डोलावली असती. तिघंही वाट पाहत होतो. टोबी आमच्या मधोमध फरशीवर बसून एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. त्याला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. आम्हाला बोलता येत होतं.

करमाडच्या पुढं, जालना रोडपासून थोडं आत आमची मोसंबीची बाग आहे. राखणदार विठ्ठलमामा आणि गयामामी ती सांभाळतात, तिथंच राहतात. रविवारी सकाळी आम्ही निघालो. शेंद्र्याच्या कारखान्यांवरून गाडी जाताना टोबीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, कान वाऱ्यावर सोडले. त्याला वाटलं असणार, फिरायला चाललोय.

"अगं बया, किती केसाळ हाय हे!" मामी म्हणाली. "उकडत नाय का याला?" त्यांची गावठी कुत्री चिंगी, काळी, हडकुळी, एक कान फाटलेली, लांबून शेपूट हलवत होती.

मामांनी चिमटीत भाकरीचा तुकडा धरून हाक मारली, "यू, यू, यू. ये रे."

टोबीनं त्यांच्याकडं सभ्यपणे पाहिलं आणि परत माझ्याकडं पाहिलं.

"ताई, बहिरं हाय का वो?"

"नाही मामा. त्याला इंग्रजी लागतं."

मामा इतके हसले की भाकरी खाली पडली. "आता आली का पंचाईत! मंग आमच्या म्हातारीला साळंत घालावं लागन."

"म्हातारी कोण वो?" मामी गोठ्यातून ओरडली. "आधी तुमचं नाव घाला!"

गाडीत एका लग्नपत्रिकेचं पाकीट पडलं होतं. त्याच्या मागच्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: कम म्हणजे ये. सिट म्हणजे बस. स्टे म्हणजे इथंच थांब. नो म्हणजे नको. ईट म्हणजे खा. मामांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि टोपीत खोचलं. टोबीनं काय काय करायचं ते सगळं मी लिहिलं. त्याला मोकळं कधी करायचं, ते लिहायचं राहिलं.

निघताना आमच्या आधी तोच गाडीत जाऊन बसला. पप्पांनी ओढलं, मामांनी ओढलं. मम्मी पुढच्या सीटवर बसून काचेतून समोर बघत होती, समोर तर नुसता धुळीचा रस्ता होता.

"तू सांग त्याला," पप्पा मला म्हणाले. "तुझंच ऐकतो."

मी त्याला उतरवून बांधावर नेलं. एक बाभूळ होती, सकाळची थोडी सावली होती. मी म्हणाले, "सिट." तो बसला. मी म्हणाले, "स्टे." त्यानं शेपटीनं एकदा धूळ झाडली आणि डोळे माझ्या ओठांवर लावले. मी पाठमोरी झाले. गाडी वळेपर्यंत बाजूच्या आरशात तो दिसत होता. उठला नाही, भुंकला नाही, मागं धावला नाही. लोकांची कुत्री धावतात. माझं ऐकणारं होतं.

गुरुवारी सिल्लोडकडचे पाहुणे आले. मी स्वयंपाकघरात ग्लासांत बर्फ टाकत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. विठ्ठलमामा. पाहुण्यांसाठी पप्पांनी स्वतःचा फोन बंद ठेवला होता, म्हणून मला लावला असावा.

"ताई, त्ये टोब्या बांधावरनं उठना वो. रोज रातीला उचलून घरी आणतो, सकाळी बघावं तर परत तिथंच. सावली सरकती, ह्यो सरकत नाय. ऊन लई हाय. चिंगी बसती त्याच्यापाशी. कागदावरचं समदं म्हणून बघितलं. अजून येखादा शबुद हाय का?"

मला एकदम कळलं. बर्फाचा ट्रे हातातून ओट्यावर पडला.

"आहे," मी म्हणाले. "मामा, 'फ्री' म्हणा. फ्री."

मामांनी म्हटलेलं मला ऐकू आलं. "फिरी! टोब्या, फिरी!" मग ते म्हणाले, "माझं नाय ऐकत. नुसता बघतो. तुमीच बोला, मी फोन त्याच्या कानाला लावतो. हां, बोला ताई."

फोनमध्ये वारा होता. मग वाऱ्यात एक धापेचा आवाज. ती धाप मी हजारात ओळखली असती. हॉलमध्ये आत्या सांगत होती, "फार शांत आहे हो आमची पोरगी, आवाज ऐकू येणार नाही तुम्हाला तिचा." स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसता पडदा. मी भिंतीकडं तोंड केलं, फोनभोवती हात धरला आणि म्हणाले, "फ्री."

"काय म्हणल्या? येत नाय आवाज. जोरात बोला!"

"फ्री, टोबी." ओठ हलले. मलाच ऐकू आलं नाही.

"जोरात, ताई, जोरात! इथं वारं लई हाय!"

पडदा सरला. आत्या. "कुणाचा फोन गं? पाहुणे थांबलेत."

"काही नाही," मी म्हणाले. आणि फोन ठेवला.

पाहुणे गेल्यावर साडी न बदलताच मी परत फोन लावला. मामा म्हणाले, आता घरी आणलाय, पाणी पिला, छपरात बांधलाय, झोपलाय. उद्या सकाळी उठला की लावतो तुम्हाला फोन, मग काय बोलायचं ते बोला. सकाळी मी फोन हातात घेऊन गच्चीवर गेले, तिथं कुणी नव्हतं. खूप जोरात म्हणणार होते. नऊ वाजले, दहा वाजले. मी लावला तर लागेना. दुपारी फोन आला तो पप्पांना. दोरी कुरतडून तो पहाटेच बांधावर जाऊन बसला होता. मामा पाण्याच्या पाळीवर बागेच्या दुसऱ्या टोकाला होते. मामी शेण काढून आली तेव्हा त्याला ऊन लागलं होतं. डोक्यावर बादल्या ओतल्या, उपयोग झाला नाही.

पप्पा एकटे गेले आणि एकटे आले. त्याला बाभळीखालीच पुरलं. आल्यावर त्यांनी मागच्या नळाशी किती तरी वेळ पाय धुतले. पाण्याचा दिवस नव्हता, टाकी तळाला गेली होती, पण मम्मीनं त्यांना धुऊ दिले. मी दारात उभी होते.

"पप्पा, कसा…"

"काही नाही," ते म्हणाले. "गेला."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं वेगवेगळ्या खोल्यांत होतो. कुणाच्याच पायाशी कुणी येऊन बसलं नाही. पहिल्यांदाच आम्हाला हवं तेवढं लपता आलं.

जातींच्या त्या यादीत चिंगीचं नाव मला कधी सापडलं नाही. गावठी कुत्र्यांचं कुणी लिहीत नाही. पण गयामामीनं पुढच्या वर्षी सांगितलं, त्याला पुरल्यावर आठ-दहा दिवस चिंगी त्या बाभळीखाली जाऊन बसायची. तिला तर कुणी 'स्टे' म्हटलं नव्हतं. तिला कुणी काहीच म्हटलं नव्हतं. तिचं ती समजून गेली आणि तिचं तीच परत आली. मला कधीकधी वाटतं, टोबीला आम्ही थोडं कमी शिकवलं असतं, किंवा माझ्यावर त्याचा थोडा कमी विश्वास असता, तर तोही सावलीबरोबर सरकला असता.

सिल्लोडकडच्यांचं जमलं नाही. नंतरही जमलं नाही. आधी टोबीची गोष्ट आत्यानंच गंमत म्हणून एका लग्नात सांगितली, मग ती दुसऱ्या लग्नात गेली. "ती कुत्रंवाली पोरगी का? कुत्र्यानं सांगितलं होतं बघा, हिच्या मनात नाही." आता स्थळांकडून चौकशी होते ती अशीच, हसत हसत. आज संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यांचा परवा फोन आला तेव्हाही मम्मीनं आज सलीमभाईंना दिलं तेच उत्तर दिलं होतं. "छे हो, कुणी सांगितलं? आमच्याकडं कुठलं कुत्रं!" फोन ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं नाही. टोबी असता तर उठून तिच्याकडं गेला असता. मला माहीत होतं कुठं जायचं. मी खुर्चीतून उठलेसुद्धा. आणि पाणी पिऊन परत बसले.

आज मात्र मी इस्त्री बंद केली आणि बाहेर पोर्चमध्ये गेले. सलीमभाईंनी पंखा परत बसवला होता. मम्मी त्यांच्यासाठी चहा घेऊन आली होती, आणि पायरीवरच्या त्या केसांच्या कडीकडं बघत उभी होती.

"ये फेक दूँ क्या, भाभी?"

"टाका," मम्मी म्हणाली. पण कप पुढं करताना तिनं पाय असा ठेवला की कडी तिच्या पावलामागं गेली.

सलीमभाईंनी बटण दाबलं. पंखा फिरला, पत्रा थरथरला, पंपाचं पाणी नव्या गवतावरून उतरलं आणि तो वास आला. आमचा कूलर जुना आहे, त्याच्या आवाजात शेजारचं माणूसही ऐकू येत नाही. मी म्हणाले, "होतं."

"काय?" मम्मीनं मान वळवली. "काय म्हणलीस?"

मी वाकून तिच्या पावलामागची कडी उचलली. वरचं तेल बोटांना लागलं. आतला भाग मऊ होता.

"होतं," मी म्हणाले.

"अगं, काही ऐकू येत नाही," मम्मी म्हणाली. "जोरात बोल!"

सलीमभाईंचा हात बटणाकडं गेला. मी मानेनंच त्यांना नको म्हटलं. आणि मग कूलरच्या आवाजाच्या वर, शेजारच्या काकूंनाही फाटकातून ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणाले,

"होतं! आमच्याकडं कुत्रं होतं, भाई. टोबी नाव होतं त्याचं. आणि मम्मी, संध्याकाळी पाहुण्यांनी विचारलं, तर त्यांनाही मी हेच सांगणार आहे."